बोक्याच्या मुताचा वास काढताना: शहाबादी फरशी, गादी, सोफा आणि चौकट

घर खानदेशातल्या अमळनेरचं, जुनं. बैठकीत शहाबादी फरशी, सासऱ्यांच्या वडिलांच्या काळात बसवलेली. तिच्यावर सागवानी दिवाण, दिवाणावर रुईची गादी, समोर फोमचा तीन जणांचा सोफा. मधल्या खोलीत अलीकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. बोका दोन वर्षांचा, नाव गबरू. दिवाळीनंतर त्यानं बैठकीतल्या ठरावीक जागा धरल्या आणि सोडल्या नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद लेकरांसह माहेरी येणार, तोवर वास घालवायचा असं ठरवून कामाला लागले. कुणाच्या घरी जुनी दगडी फरशी आणि रुईच्या गाद्या असतील तर या नोंदी उपयोगी पडतील. नुसत्या टाइल्सच्या फ्लॅटमध्ये काम याच्या निम्मंही नाही.

२१ एप्रिल २०२४, रविवार

आधी जागा शोधल्या. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा रात्रीपुरता आणला. सगळे दिवे मालवून, खिडक्यांना चादरी लावून फिरवला. मूत सुकलेली जागा फिकट पिवळसर-हिरवी दिसते. पण चादर, बनियन, पुसायचं फडकं हेही झगझगीत निळं चमकतं, कारण कपड्यांच्या पावडरीत तसा पदार्थ असतो. त्यामुळे चमकलं की मूतच, असं नाही. रंग बघायचा आणि नाक लावून खात्री करायची.

खडूनं खुणा केल्या. दारालगतच्या फरशीचे सांधे, दिवाणाचा एक पाय, गादीवर ताटाएवढा डाग, सोफ्याची मागची खालची बाजू, आणि दाराच्या चौकटीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर ओघळ. ओघळ म्हणजे बोका बसून मुतलेला नाही, शेपटी वर करून फवारा मारलेला आहे. हा फरक पुढे कामाला आला.

२३ एप्रिल

फिनाईल बंद. यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. सासूबाई रोज सकाळी पांढरं फिनाईल टाकून फरशी पुसत. त्यांचं म्हणणं, "फिनाईल नाही तर घर धुतल्यासारखंच वाटत नाही." वाटतं ते खरं, पण फिनाईलनं वास जात नाही, वासावर वास बसतो. शिवाय फिनाईलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. बोका ओल्या फरशीवर चालतो आणि मग पंजे चाटतो. तिसरी गोष्ट म्हणजे पुढे एन्झाइमचं द्रावण, म्हणजे मुताचं विघटन करणारं, वापरायचं होतं. त्यातले जिवाणू फिनाईलच्या थरावर टिकत नाहीत.

ब्लीचिंग पावडरही नको. मुतात अमोनिया असतो, त्याच्याशी क्लोरीन मिसळलं की घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. बंद खोलीत हे धोक्याचं आहे. ऊद आणि कापूर सासूबाईंनी लावून पाहिले, मी काही बोलले नाही. तासाभरानं पुन्हा तेच. कापूर मात्र मांजराच्या पोटात जाऊ देऊ नका.

फरशी साध्या कोमट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, फिनाईलचा तेलकटपणा जाईपर्यंत.

२५ एप्रिल

व्हिनेगर. सगळे हेच सांगतात, म्हणून पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात घालून घेतलं. मधल्या खोलीतल्या टाइल्सवर उत्तम काम झालं. तिथला विषय तिथेच संपला.

शहाबादीवर मात्र आधी दिवाणाखालच्या कोपऱ्यात थोडं टाकून पाहिलं. बारीक बुडबुडे आले, आणि पुसल्यावर तिथे पांढुरका, खरखरीत चट्टा राहिला. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट त्याला चालत नाही. कोटा, कडप्पा आणि संगमरवर यांनाही हेच लागू. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं ॲसिड, सगळं एकाच माळेचं. चट्टा घासून जात नाही, पॉलिश मारावं लागतं. आमचा दिवाणाखाली आहे म्हणून झाकला गेला.

व्हिनेगरचा खर्च ६० रुपये.

२८ एप्रिल

एन्झाइमचं द्रावण ऑनलाइन मागवलं होतं, अर्ध्या लिटरची बाटली ६५० रुपयांना. दुपारी सांध्यांवर फवारलं. तासाभरात फरशी कोरडी ठणठणीत आणि वास जागच्या जागी.

बाटलीवर लिहिलेलं असतं, जागा ओली ठेवा. ते लिहिणाऱ्यानं खानदेशातला एप्रिल पाहिलेला नाही. यातले जिवाणू आणि एन्झाइम ओल असेपर्यंतच काम करतात. इथे बाहेर चाळिशीच्या वर, हवा कोरडी, पंखा चालू. द्रावण काम सुरू करायच्या आधीच उडून जातं. एक बाटली जवळजवळ अशीच गेली.

३० एप्रिल

आणखी दोन बाटल्या आल्या. या वेळी पद्धत बदलली आणि फरक पडला.

काम रात्री जेवणं झाल्यावर सुरू केलं. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणली, सुई न लावता तिनं द्रावण सांध्यांत हळूहळू सोडलं. फवाऱ्यानं ते वरच पसरतं, सिरिंजनं आत उतरतं. मूत जेवढं खोल गेलं असेल तेवढं द्रावण खोल गेलं पाहिजे. सांध्यात पिणं थांबेपर्यंत सोडत राहिले. वर द्रावणात भिजवलेलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, कडांना विटा. पंखा बंद. बैठकीत कुणी झोपलं नाही, सगळे गच्चीवर गेले.

सकाळी प्लास्टिक उचललं तेव्हा वास आदल्या दिवसापेक्षा जास्त होता. घाबरू नका, विघटन होताना तसं होतं. पुन्हा ओलं करून रात्रभर झाकलं, मग उघडं ठेवून वाळू दिलं.

२ मे

गादी. डागावर खायचा सोडा पसरून ठेवला, दिवसभर उन्हात टाकली, उलटून पुन्हा टाकली. वरच्या कापडाचा वास गेला. हात दाबून नाक लावलं तर आतून भपकारा.

रुईची गादी धुता येत नाही. धुतली तर रुईचे गोळे होतात आणि आत आठवडाभर ओल राहते. म्हणून पिंजाऱ्याकडे नेली. त्यांनी शिवण उसवली तेव्हा कळलं. वर ताटाएवढा दिसणारा डाग आत परातीएवढा होता, आणि तिथली रुई पिवळी, कडक, ढेकळांसारखी. त्यांनी ती मशीनला लावायला साफ नकार दिला. म्हणाले, "ताई, ही आत गेली तर सगळ्या गादीला वास लागेल, आणि माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या गादीलाही." अगदी खरं. ती रुई फेकली, उरलेली पिंजली, नवी भर घातली. जुनी खोळही टाकली आणि नवी शिवून घेतली. सगळं मिळून १,४५० रुपये. कापसाच्या मुलखात राहतो म्हणून हे काम दोन दिवसांत झालं. मुंबई-पुण्यात बहुधा गादी फेकूनच द्यावी लागली असती.

नव्या गादीवर चादरीखाली लहान बाळाचं रबरी कापड घातलंय. रात्री झोपताना काढतो, नाहीतर घामानं आंघोळ होते.

४ मे

गबरूनं आज सोफ्याजवळच्या फरशीवर ताजं करून दाखवलं. ताज्यावर करायचं ते सोपं असतं. जुन्या सुती साडीची घडी टाकून वर उभं राहायचं, घासायचं नाही. घासलं की पसरतं आणि सांध्यात जातं. घडी बदलत राहायची, कोरडी निघेपर्यंत. मग गार पाणी, पुन्हा घडी. शेवटी एन्झाइम आणि झाकण. त्याला ओरडायचं नाही. ओरडलं तर तो जागा बदलतो, सवय नाही. नवी जागा शोधायचं काम मात्र आपल्याला लागतं.

६ ते ८ मे

सोफा. सगळ्यात चिवट काम.

उलटा केला, खालचं काळं कापड ब्लेडनं काढलं. मूत पाठीच्या कापडावरून ओघळून फोममध्ये, तिथून खालच्या प्लायवर. नुसतं वरून साफ करून उपयोग नव्हता.

मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असेल तर ते ६ टक्क्यांचं, तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करायचं. त्यात चमचाभर खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. मिश्रण लागेल तेवढंच करायचं. उरलेलं बाटलीत भरून बूच लावू नका, वायू धरून बाटली फुटते. हातमोजे घाला. आणि जिथे एन्झाइम चालू आहे तिथे हे नको, दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. आधी एक, ते पूर्ण वाळल्यावर दुसरं.

कापडाच्या आतल्या दुमडीवर थेंब टाकून पाहिला. मरून रंगाचा अर्ध्या तासात गुलाबी झाला. म्हणून कापडाला पेरॉक्साइड लावलंच नाही. कापड कारागिराकडून खिळे काढून उतरवून घेतलं आणि एन्झाइमच्या पाण्यात रात्रभर भिजवलं. फोमच्या पाठीच्या पट्टीला पेरॉक्साइड लावलं, बराच वास गेला. पण बसायच्या एका जागेचा फोम आरपार भिजलेला होता. तो पिळून, धुवून, उन्हात टाकूनही काही होईना. कापून नवा घातला. प्लायला चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे दोन हात दिले. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लाकडातला वास आतच बंद करतो. साधा रंग किंवा पाण्यात मिसळायचं पॉलिश हे करत नाही.

फोम आणि कारागीर मिळून २,२०० रुपये.

१० मे, आखाजी

नणंद आली. घरात सांजोऱ्यांचा वास, बाकी कसलाच नाही. पोरं दिवाणावर लोळली. नोंद बंद करायच्या विचारात होते.

१९ मे

रात्री उकाडा असह्य झाला म्हणून बैठकीत पहिल्यांदा कूलर लावला. दीड-दोन तासांत सगळे उठून बसले. वास परत आला होता, अगदी एप्रिलसारखा.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण आपल्याकडचा उन्हाळा इथेच फसवतो. मुतातलं युरिया वगैरे धुतलं जातं, पण युरिक ॲसिडचे क्षार पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते दगडात, लाकडात, फोममध्ये राहतात. हवा कोरडी असली की गप्प असतात, ओल लागली की वास सोडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी नाक लावून 'गेला' म्हणणं म्हणजे कोरड्या विहिरीत डोकावून गळती नाही म्हणण्यासारखं. कूलरनं हवेत ओल आणली आणि सगळं उघडं पडलं. पाऊस आला असता तेव्हाही हेच झालं असतं.

२० मे

तपासायची पद्धत ठरवली. खडूच्या खुणेवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं, त्यावर ताट पालथं घालायचं. अर्ध्या तासानं ताट उचलल्या उचलल्या वास घ्यायचा. एका जागेनंतर बाहेर जाऊन यायचं, नाहीतर नाक मरतं.

जांभळा दिवा या कामाला चालत नाही. वास गेलेला डागही कधी कधी चमकत राहतो.

गादी पास. सोफा पास, पाठीकडे किंचित शंका. दारालगतचा सांधा साफ नापास. दिवाणाचा पाय नापास. चौकट नापास.

२४ ते २६ मे

गवंडी बोलावला. पारा ४४ च्या पुढे, म्हणून काम सकाळी सहा ते दहा.

मिस्तरींनी सांधा छिन्नीनं मोकळा केला. सिमेंट हातानं चुरगळत होतं. खाली वाकून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "ताई, आठेच शे. खाले मुरी गयं." म्हणजे इथेच आहे, खाली मुरलंय. दोन फरश्या उचलल्या. खालचा वाळू-चुन्याचा थर ओलसर नव्हता, पण तोंड फिरवावं इतका वास. आम्ही वरून दिलेलं द्रावण तिथवर पुरेसं पोचलंच नव्हतं. चार बोटं खोल थर काढून फेकला, खड्ड्याला एन्झाइम देऊन ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवलं, मग नव्या वाळू-सिमेंटचा थर.

एक फरशी उचलताना पापुद्र्यासारखी सुटून तुटली. जुन्या शहाबादीचं असं होतं, आधीच एखादी जास्तीची आणून ठेवा. नवी आणली ती जाडीला कमी आणि रंगाला हिरवट. दारात येणाऱ्याला दिसते. सासरे म्हणाले, "दिसू दे, वासापेक्षा बरी."

सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरले, त्यात पाणी मुरत नाही. दगडाला ग्राउट चिकटून वाळलं तर निघत नाही, लगेच ओल्या फडक्यानं पुसत जायचं. गवंडी आणि मजूर १,५००, सामान १,१००.

६ जून

दगडाचं सीलर, म्हणजे दगडात पाणी मुरू न देणारं द्रव. आत शिरणारं घ्या, वर चकचकीत थर धरणारं नको. ते सोलपटतं आणि त्याच्याखाली मूत अडकतं. दगड पूर्ण कोरडा असला तरच लागतं. या एका कामाला मे-जूनचं ऊन उपयोगी पडलं. ब्रशनं दोन हात, जास्तीचं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा उभा राहिला. लिटरला ८५० रुपये.

९ जून

गबरूला डॉक्टरांकडे नेलं. क्रमानं पाहिलं तर हे काम सर्वांत आधी करायचं. बोका सुरू असताना फरशी धुणं म्हणजे नळ चालू ठेवून पुसणं.

डॉक्टरांनी आधी मुताच्या मार्गाचा त्रास नाही ना हे पाहिलं. बोका वारंवार बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गबरूला तसलं काही नव्हतं. चौकटीवरचे ओघळ सांगितल्यावर ते म्हणाले, हद्द आखतोय. खच्चीकरण केलं. बहुतेक बोक्यांचं फवारणं त्यानं थांबतं किंवा खूप कमी होतं, पण लगेच नाही, काही आठवडे लागतात. २,५०० रुपये.

वाळूचं घमेलंही हललं. ते आजवर कूलरच्या बाजूला होतं. कूलर धडधडला की तो तिकडे फिरकायचा नाही. आता दोन घमेली, दोन वेगळ्या शांत कोपऱ्यांत. बांधकामाची वाळू बारीक चाळणीनं चाळून घेतली, धूळ काढून. घाण रोज उचलायची, वाळू आठवड्याला बदलायची.

१४ जून

दिवाणाचा पाय. वरून कितीही घासला तरी वास येत होता, कारण लाकूड खालच्या कापलेल्या तोंडातून पाणी ओढतं आणि ते तोंड फरशीवर टेकलेलं. दिवाण आडवा करून पायाचं तोंड पॉलिशपेपरनं घासलं, एन्झाइम, दोन दिवस ऊन, मग चपडा भरपूर. चारही पायांना रबरी बुचं. चपडा आणि बुचं मिळून ३०० रुपये.

२४ जून

पाऊस लागून राहिला. खरी परीक्षा. खिडक्या बंद करून बैठक रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी शेजारच्या काकूंना बोलावलं, कारण आमच्या नाकांना सवय झालेली. त्या खोलीभर फिरल्या, सोफ्यावर बसल्या, दिवाणाजवळ वाकल्या. काही नाही. दाराशी गेल्या आणि थांबल्या. "इथे हाय थोडा."

चौकट.

१ जुलै

चौकट कडुनिंबाची, खालचं टोक फरशीत गाडलेलं. तिथून वास वर चढलाय. रंग खरवडला, एन्झाइम दिलं, वाळू दिलं, मग पेरॉक्साइड. लाकडावर फिकट पट्टा उमटला. चपड्याचे हात दिले. कोरड्या दिवशी काही नाही. झड लागली की वाकून नाक लावलं तर आहे. उभ्यानं येत नाही.

गबरूनं जूनच्या मध्यानंतर फवारा मारलेला नाही.

१५ जुलै

पेरॉक्साइड आणि सिरिंज यांचे शंभर रुपये धरून साफसफाईचा खर्च ९,५१० रुपये, शस्त्रक्रिया धरून १२,०१०. यातली एन्झाइमची पहिली बाटली जवळजवळ पूर्ण वाया. सुरुवातीलाच ओल्या फडक्याची चाचणी केली असती तर फरशी आखाजीआधीच उचलली गेली असती आणि वरून दिलेल्या द्रावणाचा बराच भागही वाचला असता.

सुताराला चौकट दाखवली. तो म्हणतो, खालचा वीतभर तुकडा कापून सागाचा सांधा देतो, पण आता लाकूड फुगलेलं आहे, गणपती झाल्यावर येतो. तोवर तिथे सासूबाईंनी तुळशीची कुंडी ठेवली आहे. गबरू तिच्या मातीत उकरायला जातो, म्हणून कुंडीवर जाळी बसवलीय.